दगडावरची भाकरी

जपानला आम्ही दोघी जावा गेलो आणि अस्वल एकीलाच दिसलं, असं आमच्या कडाव गावात परवापर्यंत सगळे धरून चालले होते. ती एक म्हणजे माझी धाकटी जाऊ मंदा. डेअरीवर, गिरणीत, हळदीकुंकवाला, जिथे जाईल तिथे लोक तिला घेरून अस्वलाची गोष्ट सांगायला लावायचे, आणि ती संपली की माझ्याकडे वळून विचारायचे, "बाई, तुम्ही कुठे होतात तेव्हा?" परवा मी त्याचं उत्तर दिलं. पण ते उभ्या उभ्या, दुधाच्या कॅनच्या गराड्यात दिलेलं अर्धवट उत्तर होतं, म्हणून आता नीट बसून लिहिते आहे. प्रवासवर्णनात असायला हवं ते सगळं यात येईल: डोंगर, जेवण, माणसं, फजिती. सोबत माझ्या पोटातली जळजळही येईल, कारण या प्रवासात मी एक क्षणही त्या जळजळीशिवाय नव्हते.

घरचं थोडं

डोंगराच्या पायथ्याच्या शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं. जंगली प्राण्यांचा धडा तेवढ्याच वेळा घेतला. पुठ्ठ्याचा बिबट्या फळ्यावर टाचून मी त्याचे ठिपके मोजायला लावायचे आणि मागच्या बाकावरची वाडीतली पोरं सांगायची, "बाई, खरा एवढा पिवळा नसतो." त्यांनी पाहिलेला असायचा. मी पाहिलेला नसायचा. सुट्टीत मी पाणवठ्यावर पहाटेपासून बसले, भीमाशंकरच्या वाटेवर चढून गुडघे झिजवले, आणि एवढ्या सगळ्यात मला दिसलं काय, तर माकडं आणि एक मुंगूस. मंदा सातवी शिकलेली. तिला बिबट्या दोनदा दिसला. एकदा तर गोठ्याच्या दारात, हातात शेणाची पाटी असताना. "म्हशी कान टवकारून बगत व्हत्या, म्हून मी बी बगितलं," एवढंच तिचं म्हणणं. तिला त्याचं फारसं काही वाटलंही नाही, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

तिची मुलगी पल्लवी जपानात नागानोकडे एका कारखान्यात इंजिनिअर आहे. तिला इंग्रजी मी शिकवलं. माझा नीलेश लोधिवलीजवळ कामाला आहे. रविवारी मोटारसायकलवर येतो, जेवतो, भाजी घेऊन परत जातो. चांगला मुलगा आहे माझा. पण पल्लवीने आईला पंधरा दिवस जपानला बोलावलं तेव्हा मी त्याच्या ताटात वाढताना डाव जरा जोरातच आपटला. मग पल्लवीचा मला फोन आला: "मोठी आई, तूपण ये ना. आईला इंग्रजी येत नाही, तू सोबत असलीस की बरं." म्हणजे मी दुभाषी म्हणून गेले. लगेच हो म्हटलं आणि नवे बूट घेतले.

भाताचं गाव

पल्लवी राहते ते गाव डोंगरांच्या कुशीत आहे. मी मनात उंच इमारती आणि चकचकीत स्टेशनं घेऊन गेले होते. सकाळी खिडकी उघडली तर समोर भाताची खाचरं. जूनची सुरुवात होती, लावणी चाललेली, पाण्यात आभाळ उतरलेलं. कडावात जुलैला दिसतं ते सगळं तिथे होतं, बांधावरचे बगळेसुद्धा. फक्त मागे आपल्या डोंगरांच्या जागी बर्फाची रांग होती.

मी फोटो काढत होते तोवर मंदा चहा टाकून बांधावर पोचलीही होती. यंत्राने लावणी झाली होती आणि यंत्र वळतं तिथले कोपरे मोकळे राहिले होते.

"ताई, कोपरं सोडलंय बगा यांनी," ती हळहळली, आणि साडी खोचून चिखलात उतरली.

शेताचे मालक हारा-सान, पंच्याहत्तरीचे, काटक, डोक्याला पांढरा पंचा बांधलेले, बांधावर थबकून बघत राहिले. मंदाने रोपांची मूठ उचलली आणि मागे मागे सरकत पाच मिनिटांत कोपरा भरून टाकला. म्हातारा हसला, टाळ्या वाजवल्या. मी पुढे होऊन माझ्या सगळ्यात स्वच्छ इंग्रजीत नमस्कार-चमत्कार केले. त्यांनी कमरेत वाकून मला उत्तर दिलं आणि पुन्हा मंदाच्या हाताकडे बघायला लागले. तिथे इंग्रजी कोणालाच लागत नाही. माझी नेमणूक पहिल्याच सकाळी रद्द झाली.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी खारवलेल्या पाल्याचं लोणचं पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला जेवायला बोलावलं. गव्हाळ रंगाच्या गार शेवया, सोबत काळसर आंबट-खारट पाणी. शेवया त्यात बुडवून खायच्या. मी त्या काट्याला गुंडाळून, तोंड मिटून, शिस्तीत खाल्ल्या. मंदाने फुर्र करून ओढल्या, आवाज पार अंगणात. मी तिला कोपराने ढोसलं. तर हारा-सान खुशीत मान डोलावून काहीतरी म्हणाले, आणि पल्लवीने सांगितलं, "ते म्हणतात, आई बरोबर खातेय. आवाज केला नाही तर आवडलं नाही असं वाटतं."

माझ्याकडे त्यांनी सहानुभूतीने पाहिलं.

निघताना त्यांनी दोन पितळी घंटा काढल्या. ते गावाच्या अस्वल-पहाऱ्यात आहेत. डोंगरात कोणी निघालं की पिशवीला घंटा बांधायची तिथली रीत आहे. त्यांच्या मोबाईलमध्ये बोललेलं मराठीत करून सांगणारी सोय होती. फलाटावरच्या सूचनेसारख्या आवाजात तो मोबाईल म्हणाला, "कृपया हे बांधा. अचानक भेट झाल्यास अस्वल घाबरते."

"आमच्या चंद्रीच्या गळ्यात आस्सीच हाय," मंदा म्हणाली. चंद्री तिची म्हैस. तिने घंटा तिथल्या तिथे बांधली आणि वाजवून बघितली. मी माझी बांधली, पण मनात म्हटलं, ही वाजत राहिली तर मला काय दिसणार आहे? मुंगूससुद्धा नाही.

दगडातला देव

रविवारी आम्ही तिघी डोंगरावर गेलो. उंच सरळसोट झाडं, खाली कमरेएवढं बांबूसारखं गवत, वाट मऊ. अर्ध्या तासावर वाटेच्या कडेला दगडातला देव उभा होता. लहान पोराचा चेहरा, डोळे मिटलेले, गळ्यात लाल फडक्याचं लाळेरं. पल्लवी म्हणाली, हा वाटसरूंना सांभाळतो, आणि फोन आला म्हणून बोलत पुढे गेली.

आमच्याकडे शिवेवर वाघोबाचा दगड आहे. गुरं घेऊन डोंगरात जाणारा कोणीही आपली भाकरी सोडली की पहिला तुकडा त्याच्यासमोर ठेवतो. मंदाने आयुष्यभर ते केलंय. तिने बूट काढले, फडक्यातून तांदळाची भाकरी सोडली, एक तुकडा मोडला, त्यावर सुक्या जवळ्याच्या चटणीचं बोट ओढलं आणि तो देवाच्या पायाशी ठेवला. "पोरगंच हाय की. उपाशी कसं ठेवायचं?"

देवाच्या शेजारी एक पाटी होती. अक्षरं मला येत नव्हती, पण चित्र होतं: जेवणाचा डबा आणि त्यावर लाल फुली. मी ते पाहिलं. अर्थही कळला. मंदाला सांगितलं नाही. सगळे तिचं कौतुक करत होते आणि निदान या एका जागी ती चुकत होती, ते बघायला मला बरं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं होतं.

वर पोचून जेवलो. बर्फाच्या रांगेसमोर माझा फोटो कडावच्या ग्रुपवर मंदाच्या आधी पडावा म्हणून मी मागे रेंगाळले. पहिला फोटो डोळे मिटलेला आला, दुसऱ्यात बर्फ नव्हतं, तिसरा जमला. त्या दोघी पुढे उतरल्या.

मी देवापाशी आले तेव्हा दोघी वाटेत एकमेकींचे हात घट्ट धरून उभ्या होत्या आणि गवत हलत होतं.

"ताई, आत्ता गेलं बगा. आत्ता!" मंदा कुजबुजली. "काळंभोर. देवाम्होरं बसून भाकरी खाल्ली, बोटं चाटावी तसं चाटलंन्, आन आमच्याकडं बगितलं."

पल्लवीच्या मोबाईलमध्ये एक काळी पाठ आली होती. मी गवताकडे पाहिलं. ते हलायचं थांबलं. "बरं झालं, कोणाला काही झालं नाही," मी म्हणाले. मी इतकी जळत होते की तेवढं बोलतानाही माझा आवाज फाटला.

पल्लवीला भाकरीचं कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "आई, इथे खाणं ठेवत नाहीत गं. अस्वलाला माणसांच्या खाण्याची चटक लागली की ते गावात उतरतं. आणि गावात उतरलेलं अस्वल मारावं लागतं."

मंदाने तोंडावर हात ठेवला. मग गुडघ्यावर बसून तिने तो दगड पदराने पुसला, वाटेवरचे कण वेचले. "ज्याच्यासाठी ठेवलं त्याच्याच जिवावर यायचं," ती पुटपुटत होती. मी पाटी पाहिली होती, हे तेव्हाही सांगितलं नाही.

बुधवार

पुढचे दोन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. काळ्या पाठीचा फोटो कडावात पोचला. माझ्या बर्फाच्या फोटोला कोणी अंगठासुद्धा दाखवला नाही. गावातली बायामाणसं व्हिडिओवर मंदाला पुन्हा पुन्हा सांगायला लावत होती आणि ती दरवेळी तितक्याच साधेपणाने सांगत होती. थोडं जरी वाढवून सांगितलं असतं तरी मला तिच्यात खोट काढता आली असती. नीलेशने फोन केला. "आई, काकूला दिसलं म्हणे! तू कुठे होतीस?"

"फोटो काढत होते," मी म्हटलं. तो हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. मी मात्र फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडले. एकसष्टाव्या वर्षी, परक्या देशात, एका अस्वलापायी.

बुधवारी पल्लवी कामावर गेली आणि मंदा हारा-सानच्या उरलेल्या कोपऱ्यांत. मी फ्रिजमधली अर्धी भाकरी घेतली, तिच्यावर उरलेली सगळी जवळ्याची चटणी थापली, आणि चांदीच्या कागदात गुंडाळली. मंदा फडकं वापरते, मला कागद स्वच्छ वाटतो. बूट घातले. घंटेत रुमाल कोंबला आणि डोंगर चढले.

कोणी म्हणेल, तुम्हाला कळत नव्हतं का? सगळं कळत होतं. चित्र वाचलं होतं, पल्लवीने समजावलं होतं, आणि एकतीस वर्षं मी पोरांना सांगत आले होते की प्राण्यांना खायला घालायचं नसतं. कागद उघडून मी तो देवाच्या पायाशी ठेवला आणि वीसेक पावलांवर एका बुंध्याआड बसले. देव डोळे मिटून होता, ते बरं वाटलं.

तासाभराने ते आलं. आधी गवत हललं, मग नाक दिसलं, मग सगळं. काळं, घोटीव, गळ्याखाली पांढरी कमान, चांदीची सरी घातल्यासारखी. ते चालत होतं तेव्हा अंगावरची कातडी लाटेसारखी हलत होती. मला वाटलं होतं मी घाबरेन. मला एकदम भरून आलं. आणि मग त्याच्या मागून एक पिल्लू बाहेर आलं, मांजराहून थोडं मोठं, पाय अडखळत. म्हणजे ती आई होती. तिने भाकरीचा तुकडा खाली पाडला, पिल्लाने खाल्ला. दोघांनी कागद चाटला. मंदाला एकच दिसलं होतं. मला दोन. हे माझ्या मनात त्याच क्षणी आलं, मी लपवत नाही.

मग तिने मान वर केली, वास घेतला आणि थेट माझ्याकडे चालायला लागली. माझ्या हातांना चटणीचा वास होता. घंटेतला रुमाल उपसला आणि मधली सुट्टी संपल्यावर वाजवावी तशी ती घंटा मी दोन्ही हातांनी वाजवत सुटले. ती थबकली. पिल्लू तुरुतुरु गवतात शिरलं, ती त्याच्यामागे गेली. मी खालपर्यंत धावले. कागद तिथेच राहिला.

घरी आले तेव्हा मंदा पाय धूत होती. "कुठं गेला व्हतात?" "फिरायला." तिने मला चहा करून दिला. मला सांगायचं होतं, ओरडून सांगायचं होतं की मलाही दिसलं, तुझ्याहून जास्त वेळ दिसलं. पण कसं दिसलं हे विचारलं असतं तर? एवढी मोठी गोष्ट मिळाली आणि ती कोणाला दाखवता येईना.

शुक्रवार

शुक्रवारी सकाळी गावातले भोंगे बोलायला लागले. पल्लवी खिडकीशी जाऊन ऐकत उभी राहिली. अस्वलाने पहाटे हारा-सानच्या खोपटाचं दार मोडून भाताचा कोंडा खाल्ला होता. घराबाहेर पडू नका, असं सांगत होते.

नऊच्या सुमारास हारा-सान आले. बूट दारात काढून, गुडघे मोडून बसले. पंचा डोक्याला नव्हता. त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी उघडून मधे ठेवली. आत चांदीचा कागद होता, दातांनी फाटलेला, घड्यांत लाल चटणी.

मोबाईल म्हणाला, "हे देवाजवळ सापडले. कृपया सांगा. हे तुमचे आहे का?"

मंदाने पिशवी उचलली, वास घेतला. चटणी तिनेच केलेली होती. कागद मात्र तिचा नव्हता, आणि तिने तो दगड रविवारी पदराने पुसला होता. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी चहाच्या कपात बघत होते.

"माजं हाय," मंदा म्हणाली. "मी ठेवलं. माजी चूक झाली, दादा." आणि तिने कपाळ जमिनीला टेकवलं.

पल्लवी रडायला लागली. हारा-साननी पिशवीचं तोंड पुन्हा बांधलं. मग त्यांनी जपानीत विचारलं, मोबाईलने ते सांगितलं: "अस्वल एकटे होते का? पिल्लू होते का?"

पल्लवीने नाक पुसत समजावलं. एकटं असेल तर पिंजरा लावतात. पिल्लू असेल तर या गावात पिंजरा लावत नाहीत. कुत्री आणि फटाके घेऊन माणसं चार-पाच दिवस पहाटे उभी राहतात आणि दोघांना वर हाकलून देतात.

"एकलंच व्हतं," मंदा म्हणाली. "मी नीट बगितलं ना. एकलंच."

दोन होती. हे दोनच शब्द होते. ते म्हटले असते तर कागदही माझा ठरला असता, बुधवारही, आणि नीलेशच्या कानावरही गेलं असतं. मी चहाचा घोट घेतला. हारा-साननी मंदाला वाकून नमस्कार केला, खरं सांगितल्याबद्दल. तेव्हाही, तशातही, मला तिचा हेवा वाटला. चूक केली नव्हती तरी तिला ती कबूल करता येत होती. मला केलेली येत नव्हती.

दुपारी ओढ्याकाठी लोखंडी पिंजरा लागला. आम्ही सोमवारी निघालो तोवर तो रिकामा होता. रोज सकाळी मंदा आधी त्याच्याकडे बघायची आणि मग चहा घ्यायची. हारा-साननी दोन्ही घंटा परत न घेता आम्हालाच दिल्या.

कडाव

मंदाची घंटा चंद्रीच्या गळ्यात आहे. माझी कपाटात आहे, रुमाल कोंबून.

परतून आठ दिवस झाले आणि पल्लवीचा व्हिडिओ कॉल आला. मंदा ओट्यावर जवळा निवडत होती. "पिंजऱ्यात काय गावलं का गं?" तिने पहिलं हेच विचारलं.

"गुरुवारी सापडलं. मारलं, आई." मग पल्लवी म्हणाली, "मादी होती. पिल्लू होतं तिला. दोन दिवस पिंजऱ्याभोवती फिरत होतं. नंतर दिसलं नाही. हारा-सान कोणाशी बोलत नाहीत."

"पन मी तर एकलंच..." मंदा म्हणाली आणि थांबली. मी दारात उभी होते. तिने जवळ्याचं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं, त्या दिवशी कागदाचा वास घेतल्यावर पाहिलं होतं तसंच. या वेळी तिने बराच वेळ पाहिलं. मी वाट बघत होते, काहीतरी बोल, ओरड. ती उठून गोठ्यात गेली.

त्यानंतर तिने अस्वलाची गोष्ट कोणालाच सांगितली नाही. परवा सकाळी डेअरीवर आम्ही दोघी दूध घालायला गेलो होतो. सात-आठ बायका होत्या. एकीने हौसेने विचारलं, "काकू, आज माझी बहीण आलीय, तिला अस्वलाचं सांगा ना."

"ताईंना इचार," मंदा रिकामा कॅन उचलत म्हणाली. "त्यांनी माज्यापरीस जास्ती बगितलंय."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. एकतीस वर्षं मला हेच हवं होतं. एका सरळ ओळीत उभे आठ चेहरे, कान टवकारलेले, आणि मी सांगणारी. मंदा रस्त्याला लागली होती, पाठमोरी.

"बाई, तुम्हालापण दिसलं? कधी? केवढं होतं?"

"दोन होती," मी म्हणाले, जरा मोठ्याने, रस्त्यापर्यंत जाईल असं. "मी सांगितलं नाही. भाकरीही मीच ठेवली होती."

मंदा थांबली, पण वळली नाही.